सतराव्या ओळीतली बाई

रविवार, तुझा तेरावा. जागा: तुझंच घर, भोपाळ, शाहपुरा, दुसरा मजला. हजर: तुझी जुई आणि जावई, पुण्याहून. तुझा भाऊ आणि वहिनी, नागपूरहून. डॉ. निकहत. खालच्या मजल्यावरचे श्रीवास्तव पती-पत्नी. आपल्या शनिवारच्या गटातल्या चौघी, त्यातल्या दोघी सागर आणि जबलपूरहून सकाळची गाडी धरून आलेल्या. गुरुजी. मी. गैरहजर: शैलाताई. हे शेवटचं मी हाताच्या सवयीने खरोखरच वहीत लिहिलं आणि मग खोडलं. खोडलेलं अजून वाचता येतंय.

सगळं वेळेवर झालं, ताई. गुरुजी साडेदहाला आले, पानं साडेबाराला मांडली, वरण कमी पडेल असं वाटलं होतं ते पडलं नाही. तुझा भाऊ मला दोनदा म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी मान हलवली. माणूस गेल्यावर खुर्च्या मोजणं मला जमतं. पाच वर्षं फौजेच्या पुरवठा विभागात राशन, डिझेल आणि ताडपत्र्या मोजल्या, नंतर अठरा वर्षं शाळेचं ऑफिस सांभाळलं. हातात यादी असली की मला दुसरीकडे बघावं लागत नाही.

जेवणं उरकल्यावर जुई स्वयंपाकघरात आली. मी उरलेली जिलबी डब्यात भरत होते. तिने दार लोटून घेतलं.

"अनघामावशी, आई तुझ्याशी काही बोलली होती?"

"कशाबद्दल?"

"काहीही. तिला काही त्रास होता का? मी दिवाळीला आले नाही. वर फोनवर भांडले. म्हटलं, तू कायम वॉर्डात राउंड घेतल्यासारखी बोलतेस, कधीतरी आईसारखी बोल. त्यानंतर काहीही विचारलं की नुसतं 'मस्त, मस्त'. मावशी, तिने ते मनाला लावून घेतलं. माझ्यामुळे झालं."

"नाही गं," मी म्हणाले. "आई मजेत होती. आमच्यात सगळ्यात जास्त तीच हसायची."

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीचं खोटं, आणि ते खोटं आहे हे मला बोलताना माहीत होतं. कारण पाच दिवसांपूर्वी मी सतरावी ओळ वाचली होती. जुईने डोळे पुसले, माझ्या हातातून डबा घेतला आणि बाहेर गेली. तिला बरं वाटलेलं नव्हतं. मी सिंक घासत राहिले.

आता तुझ्याशी बोलते, कारण तुझ्याशी बोलणं सोपं आहे. तू उत्तर देणार नाहीस.

आपण भेटलो ते माजी सैनिकांच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीवर. तू माझ्या पुढे उभी होतीस. आतल्या माणसाने मान वर न करता हात पुढे केला.

"मॅडम, साहब का कार्ड दीजिए."

"ये लीजिए."

"ये तो आपका है. साहब का?"

"भैया, साहब मैं ही हूँ. मेजर, रिटायर्ड. फोटो मिला लो, तब बाल काले थे."

मी मोठ्याने हसले. तू वळलीस. "और आपके साहब?"

"गोविंदपुरा में, अपने कारखाने में. फौज में तो मैं थी."

तू माझ्या कार्डावरचं आडनाव वाचलंस आणि म्हणालीस, "अगं बाप्पा, मराठी! चल, चहा पाज." तुझे आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तीन पिढ्या इथे गेल्या, तरी तुझ्या तोंडातलं नागपूर गेलं नव्हतं. चहा पिताना तू सांगितलंस की माजी सैनिकांच्या मेळाव्यात तुलाही शाल मिळाली होती, पण बायकांच्या रांगेत बसवून, सैनिकाची पत्नी म्हणून. "घेतली," तू म्हणालीस. "शाल चांगली होती."

त्या चहातून आपला शनिवार निघाला. लष्करी रुग्णालयातल्या निवृत्त सिस्टर, माझ्यासारख्या थोड्या वर्षांच्या अफसर, कोणी महूला, कोणी सागरला, कोणी सुनेकडे, कोणी एकटी. एका खोलीत जमणं शक्य नाही, म्हणून दर शनिवारी चार वाजता फोनच्या पडद्यावर. निकहत समुपदेशक, तिने दर वेळी एक विषय समजावून सांगायचा: झोप का उडते, पाळी जाताना चिडचिड का होते, जुनी आठवण अंगावर का येते. आणि एक ऑनलाइन फॉर्म. मनाच्या तब्येतीचे थोडे प्रश्न, उत्तरांची बेरीज मशीन करणार, यादीतली त्या बाईची ओळ हिरवी, पिवळी किंवा लाल होणार. लाल झाली की दोन दिवसांत निकहतचा फोन. फॉर्म तिचा, माणसं तू आणलीस, यादी माझी.

आपलं भांडण त्या फॉर्मच्या पहिल्याच रकान्यावर झालं. नाव.

"नाव विचारू नको," तू म्हणालीस. "नाव विचारलंस की सगळ्या ठीक आहे लिहितील. मी तीस वर्षं दरसाल मेडिकलला तेच लिहिलं. काही तक्रार? नाही. झोप? उत्तम. खरं लिहिलं की कॅटेगरी खाली, मग पोस्टिंग, मग प्रमोशन, मग मेसमध्ये कुजबुज. ती सवय निवृत्त होत नाही."

"आणि नाव नसेल तर लाल आलेली बाई मी शोधू कुठे? भोपाळभर दारं वाजवत फिरू?"

"काहून नाही? फिर."

"ताई, हे असं चालत नाही."

"तुझं नाही चालत."

मी जिंकले. नाव आणि फोन नंबर सक्तीचा केला. फॉर्मच्या वर जाड अक्षरात मीच लिहिलं, तुमची उत्तरं तुमच्या घरच्यांना कळवली जाणार नाहीत. माझं मत आजही मला चुकीचं वाटत नाही. तुझंही वाटत नाही. आपण ते भांडण अर्धवट ठेवलं, कारण आपल्याला पुष्कळ वेळ आहे असं मी धरून चालले होते.

मग ती तळ्याकाठची संध्याकाळ. शाहपुऱ्याच्या तळ्याला लागून तू गाडी उभी केलीस, मला घरी सोडायला निघाली होतीस. आणि एकदम, काही विषय नसताना, तू डोंगरातल्या एका लष्करी रुग्णालयाबद्दल बोलायला लागलीस, जिथे तू सिस्टर होतीस. एका जवानाचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते. त्याने तुला बायकोला पत्र लिहायला सांगितलं. मैं यहाँ कुशल से हूँ. भैंस ब्याई कि नहीं, लिखना. तू लिहिलंस, घडी घालून खिशात ठेवलंस. दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवशी टपाल निघालं, तेव्हा खिशात हात गेला आणि तू ते पत्र टाकलंस. त्याचं पत्र होतं, त्याच्या बायकोचं होतं, तुझ्याकडे ठेवून कसं चालेल, असं तुला वाटलं.

"खबर आधी पोचली असेल, अनघा. पत्र नंतर. तिने ते कधी उघडलं असेल गं?"

मी काय केलं ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. मी घड्याळाकडे बघितलं. सव्वासहाला मी प्लंबर बोलावलेला होता. मी म्हणाले, "ताई, हे तू शनिवारी सांग. सगळ्यांना उपयोग होईल." आणि डायरी काढून तुझ्यासमोर लिहिलं: शैलाताई, पत्राचा अनुभव, दहा मिनिटं.

तू गाडी सुरू केलीस. शनिवारी तू त्या दहा मिनिटांत कर्नलसाहेबांच्या कुत्र्याला इंजेक्शन दिल्याची गोष्ट सांगितलीस. सागरवाली हसून हसून पडद्याबाहेर गेली. मी तुझ्या नावासमोर बरोबरची खूण केली.

तू माझ्याशी असं कधी वागली नव्हतीस. माझी आई गेली तेव्हा मी नागपूरहून परतल्यावर सगळ्यांना फोनवर एकच उत्तर देत होते, ठीक आहे, वय झालं होतं. तुलाही तेच दिलं. तासाभरात तू दारात. हातात दोन किलो मटार. "मला एकटीला सोलायचा कंटाळा येतो," म्हणालीस आणि माझ्या बैठकीत पेपर पसरून बसलीस. आईचं नाव काढलं नाहीस. दोन तास आपण मटार सोलले. मधे कधीतरी मला रडू आलं, तर तू वाटी फक्त जरा माझ्याकडे सरकवलीस. जाताना निम्मे दाणे तुझ्या डब्यात ठेवून गेलीस. त्या दुपारसाठी मी तुझे आभार मानले नाहीत. डबा मात्र धुऊन, पुसून परत केला.

गणपतीच्या आधी फॉर्म तयार झाला. सुरू करण्याआधी तपासायला हवा होता. मी तुला आणि गटातल्या तिघींना कामं वाटली. तुला वीस फॉर्म. खोट्या बायका बनवायच्या, वेगवेगळी उत्तरं भरायची, बेरीज बरोबर होते का, रंग बरोबर लागतो का ते बघायचं. चाचणीपुरती नावाची सक्ती काढून ठेवली होती. तुला काम आवडलं. तिसऱ्या ओळीत तू एक लेफ्टनंट कर्नल बनवलीस, जिची सासू पाहुण्यांना सांगते, बहू कहीं नौकरी करती थी. नवव्या ओळीतली बाई कुकरच्या शिट्टीशी भांडते. शेऱ्याच्या रकान्यात तू गोष्टीच लिहीत होतीस. मी तुला फोन केला तो मला शब्दन् शब्द आठवतो. न आठवता तर बरं झालं असतं.

"ताई, लाल लागतंय! सतरा नंबरला बरोबर लाल लागलं."

"हो?"

"आणि काय बाई बनवलीस गं ती! एकदम खरी वाटते."

"जमली ना?"

"जमली म्हणजे काय! फक्त शेरा लांबलाय, रकान्यात मावत नाही. मी अक्षरांची मर्यादा घालते."

"घाल," तू म्हणालीस.

मी शेरा वाचला नव्हता. पहिली ओळसुद्धा धड वाचली नव्हती. मजकूर रकान्याबाहेर गेलाय एवढंच बघितलं होतं. खरी वाटते हे मी तुला खूश करायला म्हणाले. मग सगळ्यांच्या सगळ्या ओळींवर 'चाचणी' असा शिक्का मारला, ते पान बाजूला लपवून ठेवलं आणि खरं पान उघडलं. खऱ्या पानावर पहिला फॉर्म तू भरलास, नाव आणि नंबरासकट. सगळं हिरवं. काही तक्रार नाही, झोप उत्तम. मी खूण केली.

त्यानंतर पाच महिने. दोन शनिवारी तुझा कॅमेरा बंद होता, तू नेटवर्क म्हणालीस, मी नेटवर्क लिहिलं. एकदा संध्याकाळी मी भाजी घेऊन स्कूटरवरून तुझ्या बिल्डिंगखालून गेले. तू गाडीत बसली होतीस, गाडी बंद, काचा वर. मी हॉर्न दिला, तू हात केलास, मी पुढे गेले. मेथी सुकत होती.

तू झोपेत गेलीस. हृदय, डॉक्टर म्हणाले. सकाळचा पेपर दारातच पडलेला श्रीवास्तवांना दिसला. निकहतने मला समजावलं की त्या ओळीचा याच्याशी संबंध जोडू नकोस, हृदय ते हृदय. नाही जोडत. मी फॉर्म वाचला असता तर तू आज असतीस, असं मला म्हणायचं नाही. पण गणपतीच्या आधीपासून तू गाडीत एकटी बसत होतीस आणि मला ते लेखी कळवलं होतंस, एवढं तर आहेच.

आठव्या दिवशी मी फायली आवरायला बसले. चाचणीचं पान आता नको, पुसून टाकावं, असं ठरवून उघडलं. पुसण्याआधी एकदा बघायचं, हा शिस्तीचा भाग. सतराव्या ओळीत नाव नव्हतं, वय नव्हतं. शेरा पूर्ण उघडला तर असा होता:

"घरी आल्यावर गाडीतच बसून राहते. कधी वीस मिनिटं, कधी तास. वर गेलं की कुलूप आपणच उघडावं लागतं. झोप दोन तास. फार वर्षांपूर्वी एक पत्र टाकलं, ते टाकायला नको होतं. मुलीला सांगत नाही, घाबरेल. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणेन. म्हणून विचारू नका, या."

मी ते तीनदा वाचलं. मग उठून कुकर लावला. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघींनी भरलेल्या ओळीही वाचल्या, एकूण एक. त्यातल्या दोन मला बनवलेल्या वाटल्या नाहीत. निकहतला घेऊन एकीच्या घरी गेले, फोन न करता. तिने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा, तो पढ़ लिया." एवढंच. मग चहा टाकला. तिथे आम्ही तीन तास होतो. तू आणलेली माणसं आहेत, ताई, त्यांना कसं सांभाळायचं ते मी तुझ्या लिहिण्यावरून शिकतेय. शिकवणारी समोर असताना मी घड्याळ बघत होते, ही लाज मला पुरेल.

दुसरीच्या घरी परवा जाऊन आलो.

राहिली जुई. आज संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी निकहतला जिन्यात गाठलं. म्हटलं, फॉर्मवर आपण लिहून दिलंय, घरच्यांना कळवणार नाही. नियम आहे.

"वो वादा उन औरतों की हिफ़ाज़त के लिए था, अनघा," ती म्हणाली. "तुम्हारी हिफ़ाज़त के लिए नहीं."

"पर उसने ख़ुद लिखा है, बेटी को नहीं बताती."

"क्योंकि बेटी घबराएगी. तो अब देख लो, वो चैन से है क्या?"

निकहत दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वर आली. "तारीख़ देखी तुमने उस लाइन की?"

बघितली होती. तारखा मी नेहमी बघते. तू ती ओळ गणपतीच्या आधी लिहिलीस. जुई तुझ्याशी दिवाळीत भांडली. तुझी झोप तिच्या फोनने उडाली नव्हती, ती आधीच गेलेली होती. ती एक तारीख दाखवली तर पोरगी आयुष्यभराच्या ओझ्यातून सुटेल. पण तारीख दाखवायची तर ओळ दाखवावी लागेल. ओळ दाखवली की ती विचारेल, मावशी, तू हे कधी वाचलंस? आणि मग मला सांगावं लागेल की तिच्या आईने बोलावलं होतं आणि मी रकान्याची रुंदी बघत होते.

तेराव्याच्या स्वयंपाकघरात मी त्या पोरीला 'आई मजेत होती' म्हणाले ते तिच्यासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. तिच्या नजरेत मी अजून निभावून नेणारी अनघामावशी आहे, आणि मला तसंच राहायचं होतं. तुला हे कळलं असतं तर तू ओरडली नसतीस. "काहून गं?" एवढंच म्हणाली असतीस, त्या तुझ्या सुरात.

उद्या सोमवार. जुई मंगळवारी सकाळी पुण्याला निघते. उद्याची यादी केली आहे. साडेनऊला केटररला त्याची भांडी परत. अकराला जुईबरोबर एम. पी. नगरला, तुझ्या पेन्शनच्या बँकेत, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्राच्या दोन प्रती घेऊन. दोनला गॅसचं कनेक्शन बंद करायचा अर्ज. चारला तुझ्या औषधांचा खोका दवाखान्यात, न उघडलेली पाकिटं वेगळी काढून.

पाचवं काम जुईला ती ओळ दाखवायचं. पान छापून घेतलं आहे, तारीख स्पष्ट दिसते. वरच्या चारही कामांसमोर वेळ लिहिली आहे. पाचव्यासमोर तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. आईच्या रिकाम्या घरात राहवत नाही म्हणून ती माझ्या घराजवळच मामाच्या ओळखीच्यांकडे उतरली आहे, चालत चार मिनिटं. मी अजून चप्पल घातलेली नाही.